कुत्र्या-मांजरांचा आहार : चरबी किती, पूरक औषध किती?

दाराशी राखण करणारा कुत्रा आणि कणगीभोवतीचे उंदीर मारणारे मांजर ही शेतकऱ्याच्या घरची बिनपगारी माणसेच होत. पण त्यांच्या वाट्याला एरवी कोरडी भाकरी येते, आणि नाताळ किंवा लग्न आले की मांसावरची सगळी चरबी एकाच दिवशी येते. ही दोन्ही टोके वाईट.

प्रथम गरज पाहू. स्निग्ध पदार्थ पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून अधिक शक्ती देतात, आणि अ, ड, ई ही जीवनसत्त्वे अंगी लागण्यास मदत करतात. त्यांतील लिनोलेइक आम्ल शरीरात तयार होत नाही. ते कमी पडले तर केस निस्तेज होतात, कातडीवर कोंडा येतो. करडई व सूर्यफुलाच्या तेलात ते भरपूर असते, खोबरेलात अगदी थोडे. मात्र केस गळू लागले तर आधी गोचीड, पिसवा व खरूज आहे का ते पाहावे.

प्रमाणही सांभाळावे. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० ते ६५० कॅलरी लागतात, ४ किलोच्या मांजराला २०० ते २५०. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. कुत्र्याला ते चालेल, पण मांजराच्या दिवसभराच्या अन्नाचा तो पाचवा-सहावा हिस्सा झाला.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. कुत्रा लिनोलेइक आम्लापासून अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतो. मांजराला ते पुरेसे बनवता येत नाही, म्हणून त्याला प्राण्यांचीच चरबी लागते. गाजरापासून अ जीवनसत्त्वही ते बनवू शकत नाही. मांस-मासळीतील टॉरिन हे द्रव्य कमी पडल्यास मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झाले. म्हणून मांजराला नुसत्या दूधभातावर ठेवू नये.

पण रोज तारलीच घातली तरी बिघडते. तेलकट मासळी फार आणि ई जीवनसत्त्व कमी, असे झाले की अंगातील चरबी सुजते व मांजर हात लावू देत नाही. मासळी शिजवूनच द्यावी. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते.

मुलांसाठी आणलेले कॉड लिव्हर ऑइल जनावरांना आपल्या मनाने देऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. त्यातील अ व ड जीवनसत्त्वे शरीरात साठत जातात. रोज कलेजी खाणाऱ्या मांजराच्या मानेचे मणके याच कारणाने जखडतात. माशाच्या अंगापासून काढलेले साधे मत्स्यतेल वेगळे. त्यातील ओमेगा-३ चा सांधेदुखीत व खाजेत उपयोग होतो, पण मात्रा वजन पाहून पशुवैद्यानेच ठरवावी.

आता धोक्याच्या दोन खुणा. सणाची चरबी खाल्लेला कुत्रा वारंवार ओकू लागला, पोटाला हात लावू देईना, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरू लागला, तर स्वादुपिंडाला सूज आली असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, उशीर जिवावर बेततो. दुसरी खूण लठ्ठ मांजराची. दोन-तीन दिवस जेवले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचते. 'भूक लागली की खाईल' म्हणून वाट पाहू नये.

अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले होते. ते सरासरीने जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. त्यासाठी कोणतेही औषध लागले नव्हते.

तेव्हा भाकरी-भातात शिजवलेले अंडे, मासळी किंवा मांस थोडे थोडे रोज मिसळावे, आणि सणाची चरबी बाजूला काढावी. मुके जनावर मागते ते सगळेच त्याच्या हिताचे नसते. ते ओळखणे आपल्याकडे सोपविलेले आहे.