रँकपासून संघापर्यंत : स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ आणि नांदेड-लातूरचे पालक

नांदेड आणि लातूर या दोन शहरांची शैक्षणिक ओळख परीक्षांनी घडवलेली आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या नावाशी जोडला गेलेला ‘लातूर पॅटर्न’, नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागातील शिकवण्या आणि त्यांसाठी खोली व मेस धरून राहणारी परभणी, हिंगोली, धाराशिवकडची मुले, अशा या वातावरणात मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत चालणारा सांघिक खेळ घरातील कलहाचे कारण ठरला नाही तरच नवल. या कलहात दोन्ही बाजू एकाच चुकीच्या मापाने मोजत असतात. मुलगा फार वेळ खेळतो म्हणून तो वाया चालला, असे पालकांना वाटते. आपण फार वेळ खेळतो म्हणून आपण खेळाडू होणार, असे मुलाला वाटते. वास्तविक हौशी खेळ आणि स्पर्धात्मक सांघिक खेळ यांतील अंतर तासांचे नसून प्रकाराचे आहे, आणि ते अंतर नेमके कोठे आहे हे कळल्याशिवाय करिअरचा निर्णय होकारार्थी घेता येत नाही, तसाच नकारार्थीही घेता येत नाही.

प्रथम कायद्याची बाजू, कारण पालकांच्या मनातील भीतीचा मोठा भाग तेथे आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमवर नियमबद्ध रीतीने घेतल्या जाणाऱ्या स्पर्धा, हा विषय क्रीडा मंत्रालयाच्या क्रीडा विभागाकडे सोपवला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे काढले. स्पर्धेचे प्रवेशशुल्क आणि कामगिरीवर मिळणारे बक्षीस कायद्याला मान्य आहे, पैज मान्य नाही. ही रेषा छोट्या शहरांत फार लवकर पुसट होते. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटांवर पन्नास-शंभर रुपये गोळा करून ‘पेड रूम’ भरवायची आणि जमलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटायची, हा प्रकार दिसायला स्पर्धेसारखा असला तरी त्याचे स्वरूप पैजेच्या जवळ जाणारे आहे. ज्या मुलाला खरोखर पुढे जायचे आहे त्याने अशा गटांपासून लांबच राहिलेले बरे.

प्रकाराचा फरक समजण्यासाठी महाराष्ट्रातील मुलांच्या परिचयाचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ उदाहरण म्हणून घेता येतो. सर्वसाधारण सामन्यात शंभर खेळाडू एका नकाशावर उतरतात, सुरक्षित क्षेत्र म्हणजे ‘झोन’ आकसत जातो आणि शेवटी उरणारा चौघांचा संघ जिंकतो. या खेळातील ‘रँक’ म्हणजे खेळाडूच्या नावापुढे साठत जाणारी श्रेणी; तिचे टोक असलेली ‘कॉन्करर’ ही पदवी वरच्या पाचशे जणांना मिळते, परंतु ती मिळवण्यात कौशल्याइतकाच सातत्याने दिलेल्या वेळेचा आणि लपून टिकून राहण्याचा वाटा असतो. स्पर्धेत मात्र साधारणतः सोळा संघ, म्हणजे चौसष्ट खेळाडू असतात आणि गुणांकन निराळे असते : पहिल्या क्रमांकाला दहा, दुसऱ्याला सहा, पुढे पाच, चार, तीन, दोन, एक, एक, आणि बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक. समजा, एका संघाने सुरुवातीलाच धडाक्याने पाच जणांना बाद केले आणि तो स्वतः बाराव्या क्रमांकावर संपला, तर त्याच्या पदरी पाच गुण पडतात. तिघांनाच बाद करून चौथ्या क्रमांकापर्यंत टिकलेला संघ सात गुण नेतो. हौशी खेळात मित्रांच्या टाळ्या मिळवून देणारी सवय स्पर्धेत संघाला खाली ओढते ती अशी, आणि हे गणित दिवसातल्या पाच-सहा सामन्यांवर पसरलेले असल्यामुळे एखाद्या सामन्यातील चमक फारशी उरत नाही.

त्यामुळे संघात भूमिका ठरतात. ‘आयजीएल’ म्हणजे सामना चालू असताना निर्णय देणारा कर्णधार. ‘असॉल्टर’ पुढे घुसणारा. ‘सपोर्ट’ त्याला आड देणारा, धूर टाकणारा आणि पडलेल्याला उठवणारा. ‘स्नायपर’ लांबून नेम धरणारा. ‘व्हॅलोरंट’ या संगणकावरील पाच विरुद्ध पाच खेळातही अशाच ठरलेल्या भूमिका आहेत. बहुतेक मुलांना असॉल्टर व्हायचे असते आणि बहुतेक संघ चांगल्या सपोर्टवाचून मोडतात, ही या क्षेत्रातील कोंडी गावोगावच्या कबड्डी संघांना नवी नाही. चढाईपटूला कोपऱ्यातल्या खेळाडूने एकट्याने धरायचे की साखळी येईपर्यंत थांबायचे, हा निर्णय तेथे क्षणात आणि न बोलता होतो, कारण तो सरावात शेकडो वेळा झालेला असतो.

ऑनलाइन संघाचा हा सराव म्हणजे ‘स्क्रिम’, अर्थात स्पर्धेच्याच नियमांनी इतर संघांशी ठरलेल्या वेळी खेळलेले सराव-सामने. आणि स्क्रिमपेक्षाही महत्त्वाचा असतो तो नंतरचा आढावा, ज्यात सामन्याचे ध्वनिमुद्रणासह चित्रण पुन्हा पाहून कोणी कोणती सूचना उशिरा दिली, झोनकडे सरकण्याचा मार्ग म्हणजे ‘रोटेशन’ कोठे चुकले, हे नोंदवले जाते. येथे लातूरच्या विद्यार्थ्याला ओळखीचे काहीतरी सापडावे, कारण चाचणी, चुकांची वही आणि पुन्हा चाचणी हीच लातूर पॅटर्नची रीत आहे. पण ती रीत अर्धीच उपयोगी पडते. नीटच्या उत्तरपत्रिकेवर प्रत्येकाची चूक त्याची एकट्याची असते, तर संघात आपल्या बरोबर उत्तराचाही दुसऱ्याच्या चुकीमुळे निकाल लागतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबरच बसायचे असते. हुशार, मनस्वी आणि वैयक्तिक गुणवत्तेवर वाढलेली मुले या टप्प्यावर हमखास संघ बदलत राहतात. चौघेजण सहा महिने एकत्र टिकले का, हा प्रश्न म्हणूनच ‘रँक किती’ या प्रश्नापेक्षा पालकांना अधिक सांगून जातो.

वेळेचा हिशेब कठोर आहे. एक सामना साधारण अर्ध्या तासाचा धरला तर सहा सामन्यांच्या एका स्क्रिमला तीन तास लागतात आणि आढावा वेगळा. 2022 मधील बंदीनंतर मे 2023 मध्ये बॅटलग्राउंड्स परतला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली होती. गंभीर सांघिक सराव आणि अकरावी-बारावी यांचा मेळ बसत नाही, हे त्या आकड्यातूनच दिसते. या दोन वर्षांत खेळ हौशीच राहू द्यावा आणि बारावीनंतर, पदवी किंवा पदविकेचा प्रवेश हातात ठेवून, एका वर्षाची मुदत घालून प्रयत्न करावा, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होय. मुदत लेखी असावी. खेळावरच सर्व भिस्त ठेवण्यातला धोका बंदीच्या इतिहासातही दिसतो : पब्जी मोबाइल सप्टेंबर 2020 मध्ये, फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये आणि बॅटलग्राउंड्स जुलै 2022 मध्ये असे तीन लोकप्रिय खेळ दोन वर्षांच्या आत बंद झाले आणि त्यांवर उभे राहिलेले संघ एका रात्रीत बिनकामाचे ठरले. कबड्डीचे मैदान असे कोणी अदृश्य करू शकत नाही.

यशाचे दाखलेही प्रमाणात पाहावेत. कच्छमधील भुजच्या तीर्थ मेहता याने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘हर्थस्टोन’ या खेळात कांस्यपदक मिळवले, मात्र त्या वेळी ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक स्वरूपात असल्याने ते अधिकृत पदकतालिकेत धरले गेले नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, जी 2023 मध्ये झाली, ई-स्पोर्ट्स हा पदकाचा खेळ बनला. देशांतर्गत बॅटलग्राउंड्स मालिकेच्या 2021 च्या पहिल्या पर्वात एकूण बक्षीस एक कोटीचे होते आणि पन्नास लाख विजेत्या स्कायलाइट्झ संघाला गेले. चार-पाच खेळाडू, संघसंस्थेचा वाटा आणि कर वजा केल्यावर हातात येणारी रक्कम पालकांनी स्वतः मांडून पाहावी, आणि ती देशातील एकाच संघाला मिळते हेही त्याच कागदावर लिहावे. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांची आशा कोणी दाखवत असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातील खेळांची यादी आधी पाहावी.

नांदेड-लातूरच्या खेळाडूची आणखी एक अडचण भौगोलिक आहे. ‘पिंग’ म्हणजे मोबाइलचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात आणि त्याच्या कमीअधिकपणापेक्षा त्याचे डोलणे अधिक घातक असते. वसतिगृहातील वीस जणांत वाटलेले वायफाय आणि ऐन सामन्यात जाणारी वीज यांवर कौशल्याचा उतारा नाही, तेव्हा स्वतंत्र फायबर जोडणी आणि राउटरपुरता छोटा इन्व्हर्टर हा खर्च महागड्या मोबाइलच्या आधी यावा.

याच क्षेत्रात खेळाडूपणाखेरीज कामे आहेत आणि ती अधिक टिकाऊ आहेत : सामन्याचे थेट चित्र दाखवणारा ‘ऑब्झर्व्हर’, समालोचक, आकडेवारीचा विश्लेषक, स्पर्धा-व्यवस्थापक, आणि अर्थातच गेम बनवणारा. मुंबईत 2025 मध्ये सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था गेमिंग व ॲनिमेशनचे अभ्यासक्रम देते. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील संगणकशास्त्राची पदवीही याच दिशेला नेऊ शकते, फक्त तिच्यावर तसा फलक नसतो.

खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या वर्गीकरणात त्याला विकार म्हटले आहे. अशा वेळी ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर बोलता येते. नियमबद्ध सराव करणारा आणि ताबा सुटलेला हे दोघेही चार तास खेळत असतील, पण पहिल्याला सामना ठरल्या वेळी बंद करता येतो.

उरतो तो करार. संघसंस्था मुलाला करारबद्ध करू पाहत असेल तर भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीने स्वतः केलेला करार रद्दबातल असतो, त्यामुळे पालकांना बाजूला ठेवून घेतलेली सही काही कामाची नाही. मुदत, मानधन, बक्षिसातील वाटा आणि संघ सोडण्याची अट हे चार मुद्दे वकिलाकडून वाचून घ्यावेत. लॅन स्पर्धेचे, म्हणजे सर्व संघांना एकाच सभागृहात बसवून घेतल्या जाणाऱ्या फेरीचे, बोलावणे आले तर प्रवास आणि निवासाचा खर्च कोण देणार हे पत्रात लिहिले आहे का ते पाहावे. मुंबईसाठी तपोवन एक्स्प्रेसचे तिकीट त्यानंतर काढावे.