विहारयात्रा आणि धर्मयात्रा : पायी चालण्याविषयी

गोखिवऱ्यात उतरून तुंगारेश्वराच्या दर्शनास निघालेले भाविक कार्यालयात येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : गाडी कोठपर्यंत जाते? वाहनाने जाण्यात काही उणेपणा नाही. वृद्ध, आजारी आणि लेकुरवाळ्या मंडळींनी वाहन अवश्य करावे. परंतु ज्यांचे पाय धड आहेत, त्यांना आमचे सांगणे असे की, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील फाट्यापासून आत वळणारी तीन-चार किलोमीटरांची वाट एकदा तरी पायी चालून पाहावी. २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या रानातून ही वाट जाते. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस ती माणसांनी फुललेली असते. त्या गर्दीत दोन प्रकारचे लोक दिसतात. काही दर्शनास निघालेले असतात, तर काही सहलीस आलेले असतात आणि दर्शन वाटेत घडते.

हा भेद आजचा नाही. आपल्याच परिसरात, नालासोपाऱ्याजवळील प्राचीन शूर्पारक बंदराच्या जागी, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. संपूर्ण लेख गिरनार आदी ठिकाणी वाचावयास मिळतो. त्याचा विषय यात्रा हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, तीत शिकार व तत्सम करमणुकी असत. अशोक मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेथून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय होत असे, हेही लेखात नमूद आहे : ब्राह्मण व श्रमणांचे दर्शन आणि त्यांना दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतील जनांची विचारपूस आणि धर्मचर्चा. राजा पायी गेला असे लेख सांगत नाही आणि आम्हीही सांगू इच्छीत नाही. मात्र वाटेत जे भेटेल त्याकडे लक्ष देणे ही त्याने यात्रेची खूण मानली, एवढे त्यातून निश्चित दिसते.

पायी गेलेला यात्रिक हवा असेल तर तोही सोपाऱ्याचाच आहे. उदान या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरिय नावाच्या तपस्व्याची कथा आहे. झाडाच्या सालीची वस्त्रे नेसणारा हा साधक सुप्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या समुद्रतीरी राहत असे. लोकांत त्याला मोठा मान होता, तरी आपल्याला खरे ज्ञान झालेले नाही हे कळताच तो श्रावस्तीस निघाला. कोठेही एका रात्रीहून अधिक मुक्काम केला नाही. अंतर हजार किलोमीटरांहून अधिक! तो जेतवनात पोहोचला तेव्हा भिक्षू उघड्यावर येरझारा घालीत होते. या येरझारांस चंक्रमण म्हणतात आणि ती ध्यानाचीच एक रीत आहे. बुद्ध भिक्षेस गेले होते. बाहियाने त्यांना भर रस्त्यात गाठून उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, असे दोनदा सांगूनही तो हटेना, तेव्हा त्यांनी त्याला थोडक्यात सांगितले ते असे : जे दिसते त्यात केवळ दिसणे असू दे, ऐकू येते त्यात केवळ ऐकणे, जाणवते त्यात केवळ जाणवणे, त्यात आपला ‘मी’ मिसळू नकोस. उभ्या उभ्या ऐकलेल्या या शब्दांनी त्याचे काम झाले.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : दूरच्या प्रवासाची शक्ती येते, साधनेचे कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ सरळ देहाचे आहेत. देह आणि चित्त यांची फारकत करण्याची घाई त्या काळच्या लोकांना नव्हती.

आपल्याकडे प्रदक्षिणेविषयी हाच विचार आहे. दिवस भरलेली गर्भवती तेलाने काठोकाठ भरलेली घागर घेऊन ज्या जपणुकीने चालेल, त्या जपणुकीने प्रदक्षिणा घालावी, असा जुना दंडक आहे. आपण मात्र अकरा प्रदक्षिणा कशा उरकतो, हे ज्याने त्याने आठवावे.

प्रस्तुत लेखकही याला अपवाद नव्हता. रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले, तेव्हापासून पहाटे गोखिवऱ्यात अर्धा तास चालण्याचा नेम सुरू झाला. घड्याळ हाती, पाऊल वेगाचे आणि डोक्यात पावती पुस्तके व लेखापरीक्षणाचे आकडे. एका सकाळी एक आजीबाई ओंजळीत बकुळीची फुले घेऊन कार्यालयात आल्या आणि ते झाड कोणाचे, फुले वेचली तर चालतील काय, असे विचारू लागल्या. झाड आमच्या रोजच्या वाटेवर होते. त्या फुलांवरून आठ महिने आमची पावले गेली होती आणि तेथे बकुळ आहे हेच ठाऊक नव्हते. साखर थोडी उतरली होती हे खरे. पण मनाला त्या अर्ध्या तासात विसावा असा मिळालाच नव्हता.

त्यानंतर जी रीत हळूहळू साधली, ती येथे देतो. निघताना क्षणभर उभे राहून दोन्ही तळव्यांवर पडलेला भार जाणावा. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटे उचलतात, याकडे लक्ष ठेवून पहिली शंभर पावले मुद्दाम सावकाश टाकावीत. पुढे श्वासाशी किंवा नामाशी पाऊल आपोआप जुळते, ओढून जुळवू नये. मन हिशेबात शिरेलच. शिरले असे ध्यानात आले की पुन्हा तळव्याकडे यावे. स्वतःवर रागावण्याचे कारण नाही. भ्रमणध्वनी पिशवीत असावा. वेग इतकाच असावा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. आठवड्यास एकूण दीडशे मिनिटे असे चालणे प्रौढांस हितावह, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दहा हजार पावलांचा आग्रह मात्र सोडावा. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे आणखी लाभ दिसला नाही. जेवणानंतरची आपली शतपावलीही निरर्थक नव्हे. चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती फार चढत नाही.

वेगाचा प्रश्न वारकऱ्यांनी फार पूर्वी सोडविला आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर माउलींची पालखी जवळजवळ तीन आठवड्यांत चालते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्यास शिस्त लावून दिली. दिंडीत तरणाबांड गडी आणि सत्तरीची म्हातारी टाळाच्या एकाच ठेक्यावर चालतात. पुणे ते सासवड या दिवे घाटाच्या लांबलचक टप्प्यातही कोणी कोणाच्या पुढे गेल्याची बढाई मारीत नाही आणि विसावा हा चालण्याचाच भाग मानला जातो.

तुंगारेश्वराची वाट धरणाऱ्यांस काही विनंत्या आहेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे आणि पाणी जवळ ठेवावे. अनवाणी जाण्याचा नवस असेल, तर मधुमेही भाविकांनी तो आपल्या डॉक्टरांस विचारूनच फेडावा. तळव्यांची संवेदना कमी झालेली असल्यास तापलेल्या दगडाचा चटका किंवा काटा कळत नाही आणि लहानशी जखम महिनोन्‌महिने चिघळते. औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खडीसाखर खिशात ठेवावी. छातीत दाटले, घाम सुटला किंवा भोवळ आली, तर तेथेच बसून सोबत्यांस सांगावे. नवसाची लाज बाळगून पुढे रेटू नये. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून परतीस जाण्याहून अधिक वेळ राखून ठेवावा. पावसाळ्यात वाटेवरील ओहोळांस पाणी चढले असेल, तर वनविभागाचे कर्मचारी सांगतील तेथूनच मागे वळावे. खाऊच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत आणाव्यात.

बकुळीचे झाड पाहावयाचे असल्यास कार्यालयात विचारावे. फुले पहाटे पडलेली असतात. आजीबाईंना वेचण्याची मोकळीक आहे, तशी सर्वांनाच आहे.