बस सोडू नकोस

कोल्हापूर

चि. मनूस,


म्हैसूरला गेल्यापासून तुला मधूनच धडधडतं, हातपाय गार पडतात, आता मरतेच असं वाटतं, हे ताईकडून कळलं. ईसीजी आणि थायरॉईड नॉर्मल आलं, बरं झालं. पण त्यानंतर तू बसने जाणंच सोडलंस, हे ऐकून मला जास्त काळजी वाटली.

तुला होतं ते खोटं नाही. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराची अमिग्डाला असते. डोळ्यांना दिसलेलं तिच्यापर्यंत दोन वाटांनी पोचतं. एक वाट मेंदूतल्या थॅलॅमस या भागातून थेट, जलद पण ढोबळ. दुसरी मेंदूच्या बाह्य थरातून, सावकाश पण पारखून. म्हणून अंधारात दोरी पाहून आपण आधी दचकतो, साप नाही हे मागाहून कळतं. तोवर अॅड्रेनलिन सुटलेलं असतं, नाडी वाढलेली असते. तुला येतो तसल्या पॅनिक अटॅकमध्ये शरीर हेच करतं, फक्त समोर दोरीसुद्धा नसते. मग धडधडीचीच भीती वाटते आणि भीतीने धडधड वाढते. पण बहुधा दहाएक मिनिटांत ती शिगेला पोचते आणि ओसरू लागते. हे त्या वेळी आठव.

सुट्टीत घरी येऊन आराम कर, जाईल आपोआप, असं तुला सगळे सांगतील. मला ते पुरेसं वाटत नाही. तुझ्या जवळच बंगळूरला सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवलं. 2002 साली त्यांनी दाखवलं की त्या ताणाने मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखुडतात, अमिग्डालातल्या मात्र वाढतात. पुढच्या प्रयोगात 21 दिवस विश्रांती देऊनही अमिग्डालातली वाढ उतरली नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, तरी नुसत्या विश्रांतीवर विसंबू नये एवढं मी त्यातून घेते.

भीतीची आठवण सहसा पुसली जात नाही. कपाळामागचा मेंदू तिच्यावर ‘इथे धोका नाही’ अशी नवी शिकवण चढवतो, आणि ती प्रसंगाला सामोरं गेल्यावरच पक्की होते. बस टाळलीस की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, पण ही शिकवण राहून जाते. आज एक स्टॉप जा, जमलं की दोन. मध्येच घाबरलीस तरी लगेच उतरू नकोस.

हे एकटीने करायचं नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेट, ते वर्तनोपचार सुचवतील, कदाचित गोळ्याही देतील. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करू नकोस. आणि लाज कसली? तुझ्या म्हैसूर विद्यापीठात 1924 पासून मानसशास्त्र शिकवलं जातंय.

के. आर. हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात या आठवड्यातच जा. रात्री-अपरात्री फार घाबरलीस तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, पैसे पडत नाहीत. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
मावशी