आंब्याला खत कुठे घालायचे?

जव्हारजवळच्या शिरपामाळावर तुम्ही सहलीला गेला असाल. 1664 च्या सुरतेच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज इथे थांबले, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आता पावसाळ्यात गेलात की माळावरून पाणी कसं वाहतं तेही बघा. लाल माती, उतार आणि धो धो पाऊस! परसातल्या आंब्याला घातलेलं खत याच वाटेने ओढ्यात जातं.

माझी स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांच्या कलमाच्या अगदी बुंध्याशी मी ओंजळभर युरिया टाकला. लवकर वाढेल म्हणून! पानांच्या कडा करपल्या आणि कलम गेलं. बुंध्याजवळची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. अन्न शोषतात ती बारीक तंतुमुळं, आणि ती जास्त करून फांद्यांच्या घेराखाली असतात. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा झाडाची सावली बघा. तिच्या कडेपासून थोडं आत, वीतभर रुंद आणि 15 सेंटिमीटर खोल चर काढा. सपाट जागेत पूर्ण गोल. उतारावर मात्र फक्त वरच्या बाजूला अर्धा गोल, म्हणजे विरघळलेलं खत मुळांकडेच उतरेल. खत घातल्यावर चर मातीने बुजवायला विसरू नका.

किती घालायचं? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस पहिल्या वर्षी 150 ग्रॅम नत्र, 50 ग्रॅम स्फुरद, 100 ग्रॅम पालाश अशी आहे. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत जायचं, पुढे तेच प्रमाण कायम. आता गणित करा. चार वर्षांच्या झाडाला नत्र 600 ग्रॅम. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे युरिया साधारण 1300 ग्रॅम. स्फुरद आणि पालाश तुम्ही काढा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश 50 टक्के असतं.

पहिल्या पावसाने माती ओली झाली की खत द्या, झड लागलेली असताना नको. मोहोराच्या तोंडावर तर युरिया नकोच, मोहोराऐवजी पालवी फुटते.

आणि शेणखत? पहिल्या वर्षी एक घमेलं, पुढे वाढवत न्या. ते माती धरून ठेवतं, म्हणून आपल्या उतारावर त्याची गरज जास्त. आपल्याकडे सगळा पाचोळा झाडून राबाला जातो. भातासाठी तो लागतोच, पण एक पाटी आंब्याखाली राहू दे, असं घरी विचारून बघा. आजी नाही म्हणाली तर निम्मी मागा.