जुन्या वाद्यांचे पॉलिश आणि लाकडावरील तेलाचा दोष

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात पावसाळाभर हवेत ओल असते. देवळातील किंवा शाळेतील हार्मोनियमची पेटी, तंबोरा अशी वाद्ये या काळात निस्तेज होतात आणि त्यांना नवे व्हार्निश देण्याचा विचार पुढे येतो. परंतु पुष्कळदा व्हार्निश एकसारखे न बसता ठिकठिकाणी फाकते व बारीक वाटोळे खळगे पडतात. त्यावर दुसरा, तिसरा हात दिला तरी खळगे तेथेच राहतात.

याचे कारण बहुधा पृष्ठभागावर मुरलेले तेल हे असते. समईचे तेल, वाजविणाऱ्याच्या हाताचे खोबरेल, पूर्वी चोळलेले मेण, असे ते अनेक वाटांनी येते. बाजारातील झळाळी आणणाऱ्या काही द्रवांत सिलिकोन असते. ते सर्वांत चिवट. सागवानात तर मूळचेच तेल असते.

अशा वेळी काचकागदाने घासत सुटणे हा उपाय नव्हे. त्याने तेल नव्या लाकडावर पसरते. शिवाय तंबोऱ्याची तबली घासून पातळ झाली की नाद बदलतो, आणि तो पुन्हा आणता येत नाही. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मोल या नादातच आहे.

प्रथम स्वच्छ फडके टर्पेंटाईनमध्ये भिजवून एकाच दिशेने पुसावे. मळलेले फडके पुन्हा लावू नये. तेथेच बहुतेकांची चूक होते. लाकूड सुकल्यावर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात द्यावा. द्रावण काही दिवस स्थिर ठेवले म्हणजे लाखेतील मेण तळाशी बसते. वरचे निवळ तेवढे घ्यावे. हा थर उरलेले तेल खाली दाबून ठेवतो व त्यावर व्हार्निश नीट धरते.

जुने द्रावण वाळत नाही. म्हणून त्याचा थेंब आधी काचेवर लावून पाहावा. तेथेही तो चिकट राहिला तर दोष लाकडाचा नाही. लाखेवर पांढुरकी झाक आली तर ती हवेतील ओलीची समजावी. हे काम कोरड्या दिवशीच घ्यावे.

काम चालू असता जवळ दिवा किंवा चूल नसावी. स्पिरिट पेटीच्या सुरांपर्यंत व भात्यापर्यंत जाऊ देऊ नये.