राब न भाजता तरवा

एप्रिलच्या अखेरीस कर्जत-मुरबाडपासून खाली रत्नागिरीपर्यंत खाचरांतून धूर दिसू लागतो. ऐन-किंजळीचा टहाळ, पातेरा, गवत, शेण आणि वर मातीचा थर, असा राब भाजला जातो. यंदा निदान निम्मा तरवा न भाजलेल्या वाफ्यात करून पाहा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. सगळा एकदम बदलू नका. वर्षाचं पोट त्यावर आहे.

राब भाजण्यामागे अनुभव आहे. आगीने तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत झाल्याने रोप सहज उपटतं. म्हणूनच 1885 साली इंग्रज सरकारने ठाणे-कुलाब्याच्या जंगलविषयक तक्रारींसाठी नेमलेल्या वन आयोगापुढेही राबासाठीच्या टहाळाचा प्रश्न होता. पण आज डोंगरावर झाडंच कमी उरली आहेत. दरवर्षी छाटलेल्या ऐनाला फळ धरायला फांदी राहत नाही, मग खाली नवं रोप कुठून यायचं? शिवाय वाऱ्याने ठिणगी उडाली की वणवा लागतो. भाजलेल्या थरातला सेंद्रिय भागही जळून जातो, तो पुन्हा विकत आणावा लागतो.

आगीचं काम दुसऱ्या मार्गाने होतं. पाण्याची सोय असेल तर वाफ्याची जागा नांगरून चांगली भिजवा आणि 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद महिनाभर घट्ट अंथरा, कडा मातीने बुजवा. कोकणातल्या मे महिन्याच्या उन्हाने खालचं तणाचं बी बऱ्याच अंशी मरतं. कागद गुंडाळून पुढच्या वर्षाला ठेवा. पाणी कमी असेल तर पहिल्या सरीने उगवलेलं तण कोळप्याने काढून मगच पेरा. दोन-चार दिवस उशीर झाला तरी चालेल.

एकरी लावणीला 4 गुंठ्यांचा तरवा पुरतो. 1 मीटर रुंद, 8 ते 10 सेंटिमीटर उंच गादीवाफे करा. गुंठ्याला 250 किलोच्या आसपास कुजलेलं शेणखत आणि भाताच्या तुसाची 50 ते 100 किलो काळी राख मातीत मिसळा. तूस गिरणीवर मिळतं. ते पांढरं होईपर्यंत जाळू नका, काळं असतानाच विझवा. त्यातल्या सिलिकाने रोप ताठ, कणखर होतं. चारसूत्री भातशेती या लागवड पद्धतीने दिलेली ही युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती राखेची सवय न मोडता जंगल वाचवते. बी पेरण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा, तरंगणारं पोचट बी काढून टाका, उरलेलं दोनदा स्वच्छ धुऊन सावलीत सुकवा.

खाचरातल्या खतासाठी गिरिपुष्प लावा, म्हणजेच आपली उंदीरमारी. पाऊस सुरू होताच मीटरभर लांबीच्या जून फांद्या बांधावर रोवा. हे झाड बाहेरून आलेलं आहे, म्हणून ते बांधावरच ठेवा, रानात नको. दुसऱ्या वर्षापासून छाटणी मिळू लागते. चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला पसरून चिखलात गाडा. तोवर घरामागचा आणि आंब्याखालचा पातेरा खड्ड्यात शेणकाल्यासह कुजवायला आजच घाला, म्हणजे पुढच्या तरव्याला खत घरचंच निघेल.