अंगणातल्या द्राक्षवेलीला घड का नाहीत?

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या अंगणात द्राक्षवेल मांडवभर पसरली आहे, पण घड लागत नाहीत. ग्रीनहाऊस उभारावे का?

उत्तर : पुण्याच्या हवेत त्याची गरज नाही. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात विश्रांती घेते. इथे ती वाढतच राहते. म्हणून महाराष्ट्रातले बागायतदार दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या येतात आणि उन्हात त्यांच्या डोळ्यांत घड आकार घेतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत काडीवर मोजके डोळे राखले की तो बाहेर पडतो.

सावली आणि पानांची दाटी दोन्ही नकोत. त्यात केवडा, भुरी हे रोग बळावतात.

नवे रोप लावायचे, तर पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेचा ‘एआरआय-५१६’ हा रोगांना बऱ्यापैकी तोंड देणारा, रसाचा वाण पाहावा. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तो पिकतो.